ऑर्डर आली, माल कुठून पाठवायचा? कोल्हापुरात ऑनलाइनच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

महाद्वार रोडवरचं चपलांचं दुकान असो, लक्ष्मीपुरीतला मसालेवाला असो की उद्यमनगरातला पंपाच्या सुट्या भागांचा व्यापारी, ‘ऑनलाइन बघणारा’ म्हणून तुम्ही कामाला लागलात की पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो: माल दुकानातूनच पाठवायचा, की ज्या ऑनलाइन बाजारात (प्लॅटफॉर्मवर) विकता त्याच्या भिवंडीच्या गोदामात ठेवायचा, की कारागिराच्या घरूनच परस्पर रवाना करायचा? नवखा माणूस इथे दुकानासाठी एक पद्धत शोधायला लागतो आणि तिथेच चुकतो. पद्धत दुकानाची नसते, वस्तूची असते. एकाच दुकानातल्या तीन वस्तू तीन वाटांनी जाऊ शकतात, आणि बहुतेक वेळा तेच फायद्याचं असतं.

म्हणून कामाची सुरुवात अ‍ॅप उघडून नव्हे, वजनकाटा आणि टेप घेऊन करा. प्रत्येक वस्तूच्या नावापुढे पाच गोष्टी लिहा: पॅक केल्यावरचं वजन, पॅक केल्यावरची लांबी-रुंदी-उंची, विक्रीची किंमत, महिन्याला किती नग जातात आणि परत येते तेव्हा कोणत्या कारणाने येते. शेवटचा रकाना बहुतेक दुकानांत रिकामा असतो. तो भरला की अर्धे निर्णय आपोआप होतात.

आधी वजन

कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. सेंटिमीटरमधली लांबी × रुंदी × उंची, भागिले ५०००. काही करारांत भाजक ४००० असतो, तो दरपत्रकात बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि सही करण्याआधी वाचायचा असतो.

चपलांचा नेहमीचा खोका घ्या: ३३ × २० × १२. गुणाकार ७,९२०, भागिले ५००० म्हणजे १.५८ किलो. दर ५०० ग्रॅमच्या टप्प्याने चालतो, म्हणून बिल २ किलोचं लागतं. काट्यावर तो जोड ८०० ग्रॅमच भरतो. आता जोड तळ्याला तळा लावून, अंगठा एकीकडे आणि टाच दुसरीकडे असा ठेवा आणि ३० × १३ × १० चा खोका घ्या. ३,९०० भागिले ५००० म्हणजे ०.७८, बिल १ किलोचं. भाजक ४००० असला तरी ०.९७५ होऊन तो कसाबसा १ किलोतच बसतो. खोका बदलल्यामुळे प्रत्येक पार्सलमागे दोन टप्प्यांचे पैसे वाचले, आणि त्यासाठी कुणाशी घासाघीस करावी लागली नाही.

गुळाचं उलट आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव देशभर आहे, पण १ किलोची ढेप एकटी दिल्लीला पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वस्तू जड, किंमत कमी. अशा मालाला तीनच वाटा परवडतात: गावातल्या गावात पोच, ३-५ किलोचा संच करून विक्री, किंवा मोठ्या शहरातल्या गोदामात एकदम पोती पाठवून तिथून जवळच्या जवळ वाटप. शिवाय पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं. हवाबंद पिशवी नसेल तर खोका ओला होऊन तळ सोडतो आणि शेजारच्या पार्सलांचंही नुकसान करतो.

उद्यमनगरातला माल आणखी वेगळा. २० किलोच्या वरचा नग कुरियरने पाठवू नका. ट्रान्सपोर्टला द्या, बिल्टीची, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने माल घेतल्याच्या पावतीची, प्रत गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप करा, आणि ‘गोदामातून उचल’ की ‘घरपोच’ हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. भांडणं सगळी या एका शब्दावरून होतात.

दुकानातून पाठवणं: स्वस्त, पण मोजणी नीट असेल तरच

माल आधीच भाड्याच्या जागेत आहे, माणसं पगारावर आहेत, म्हणून बहुतेक दुकानं इथून सुरुवात करतात. ते बरोबरही आहे. जो माल हाताने केलेला असतो, प्रत्येक नगात थोडा फरक असतो, किंवा महिन्याला पाच-सातच नग जातात, तो शक्यतो डोळ्यांसमोरच ठेवावा.

अडचण येते ती साठ्याच्या आकड्यात. कापशी चपलेच्या एका डिझाइनमध्ये ६ ते १० नंबरचे पाच जोड असतात, प्रत्येक नंबरचा एकेक. अकरा वाजता ऑनलाइन ८ नंबर विकला गेला. साडेअकराला अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेल्या पाहुण्यांनी तोच जोड पायात घातला आणि पैसे देऊन गेले. बिल झालं, पण ऑनलाइन आकडा संध्याकाळी बदलायचा असतो. आता ऑर्डर रद्द करावी लागते. विक्रेत्याकडून झालेल्या रद्द ऑर्डरी वाढल्या की प्लॅटफॉर्म आधी माल शोधात खाली ढकलतो, मग खातं थांबवतो.

यावरचे उपाय साधे आहेत, पण रोज पाळावे लागतात. पहिला: प्रत्यक्ष साठ्यातून २ वजा करून आकडा ऑनलाइन दाखवा. दोन किंवा त्याहून कमी नग उरले की ऑनलाइन शून्य. दुसरा: एकेक नगाचा माल असेल तर ऑनलाइनचे जोड वेगळ्या रॅकवर ठेवा आणि त्या रॅकला काउंटरवरच्या माणसाने हात लावायचा नाही. काउंटरवाल्याला हे पटत नाही, समोर उभं गिऱ्हाईक त्याला परत पाठवायचं नसतं. म्हणून हा नियम मालकाच्या तोंडून सांगितला गेला पाहिजे, तुमच्या नव्हे. तिसरा: रोज दुकान बंद करताना फक्त त्या दिवशी हललेल्या वस्तू मोजा. अख्खं दुकान महिन्यातून एकदा. बिलिंगचं सॉफ्टवेअर ऑनलाइनशी जोडलं की सगळं सुटतं असं विकणारे सांगतात. सुटतं, पण काउंटरवर बिल वेळेत आणि बरोबर कोडने झालं तरच. गर्दीच्या रविवारी ‘चप्पल, १ नग’ एवढंच बिल फाडलं तर सॉफ्टवेअर काय करणार?

पॅकिंगचं टेबल दुकानाच्या मागे, पण उजेडात हवं. लागणारं सामान: ५ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा ३० किलोचा काटा, टेप, ४ × ६ इंची लेबलांचा थर्मल प्रिंटर, ४८ मिलिमीटरची चिकटपट्टी, तीन-चार मापांचे तीन पदरी खोके, फुटणाऱ्या वा जड मालाला पाच पदरी, आणि मोबाइल अडकवायला एक स्टँड. नवख्या हाताला एका पार्सलला पाच-सहा मिनिटं धरा. पंधरा पार्सलं म्हणजे दीड तास, त्यामुळे चारला पिकअप असेल तर दुपारी एकनंतर आलेली ऑर्डर आज जाईल असं कबूल करू नका.

क्रम असा ठेवा: सकाळी सगळ्या ऑर्डरींची एक यादी काढा, माल एकदम रॅकवरून गोळा करा, दुसऱ्या माणसाने नंबर आणि रंग ताडून पाहायचा, मग पॅकिंग, लेबल, वजन, फोटो. फोटोत काट्यावरचा आकडा आणि लेबलचा नंबर दोन्ही दिसले पाहिजेत. कुरियरवाले नंतर ‘वजन जास्त निघालं’ म्हणून पैसे कापतात, आणि हरकत घ्यायची मुदत सहसा आठवडाभराचीच असते. फोटो नसेल तर कापलेले पैसे गेले. पिकअपवाल्याने प्रत्येक नग स्कॅन केला का तेही पाहा. घाईत तो म्हणतो, ‘हबवर गेल्यावर करतो.’ नको. मॅनिफेस्टवर, म्हणजे दिलेल्या पार्सलांच्या यादीवर, सही आणि स्कॅन नसेल, तर हरवलेलं पार्सल तुम्ही दिलंच नव्हतं असं धरलं जातं.

प्लॅटफॉर्मच्या गोदामात माल ठेवणं

भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामात माल ठेवला की पॅकिंग, रवानगी, परतावा सगळं तिकडे होतं, आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला ‘उद्या पोच’ असं दिसतं. विक्री वाढते, यात शंका नाही. पण गणित पुरतं करा. खालचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमचे दर तुम्ही घाला.

दुकानातून एक जोड पाठवायला पॅकिंग २५, मजुरी १५, कुरियर ९० आणि न स्वीकारलेल्या पार्सलांचा वाटा २५ धरला तर १५५ रुपये. गोदामातून: माल तिथवर नेण्याचे जोडामागे १२, पॅकिंग-पोच ११०, महिन्याला ६ प्रमाणे दोन महिन्यांचं भाडं १२, म्हणजे १३४. एकवीस रुपये वाचले असं वाटतं. पण ६० जोड पाठवले आणि दोन महिन्यांत ४०च विकले गेले तर? उरलेल्या २० जोडांवर नेण्याचे १२, भाड्याचे १२ आणि परत आणण्याचे ३५, असे प्रत्येकी ५९, एकूण १,१८० रुपये गेले. ते ४० विकलेल्या जोडांवर वाटले की प्रत्येकी साडेएकोणतीस. १३४ चे १६३.५० झाले. म्हणून गोदामात तोच माल पाठवा ज्याची मागील तीन महिन्यांची विक्री कागदावर आहे, आणि पहिल्या खेपेला चार आठवड्यांच्या विक्रीएवढाच. ‘दिवाळीला जाईल’ या भरवशावर पाठवलेला माल बहुधा होळीला परत येतो.

कातड्याच्या मालाला आणखी एक धोका. झाडांच्या साली-फळांनी, म्हणजे बाभूळ-हिरड्यासारख्या वनस्पतींनी कमावलेलं कातडं दमट हवेत बंद राहिलं की त्यावर पांढरी बुरशी धरते. प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आणि जून ते सप्टेंबरमध्ये गोदामात साठा कमीत कमी ठेवा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांपुरतं आहे. तेव्हा तुमचा खरा जोड दुसऱ्या कुणाच्या मालात मिसळू नये म्हणून प्रत्येक नगावर स्वतःचाच बारकोड लावा. बुरशीने आलेला परतावा निस्तरता येतो, ‘नकली माल’ हा शेरा पुसता पुसत नाही.

कराचं काम सीएकडे असलं तरी कागद तुमच्याच टेबलावरून जातात. महाराष्ट्रातलं गोदाम असेल तर ते जीएसटी नोंदणीत जादा व्यवसायस्थान म्हणून आधी जोडावं लागतं. दुसऱ्या राज्यात माल ठेवायचा तर त्या राज्याची वेगळी नोंदणी, आणि स्वतःच स्वतःला पाठवलेल्या मालावरही कर. राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वर किमतीची खेप असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीशिवाय, नावनोंदणी क्रमांक घेऊन प्लॅटफॉर्मवर विकता येतं, पण फक्त आपल्याच राज्यात. बेळगावचं गिऱ्हाईक फोनवर आपलं असलं तरी कराच्या दृष्टीने परराज्यातलं. प्लॅटफॉर्म तुमच्या विक्रीतून कापून सरकारात भरतो तो कर, म्हणजे टीसीएस, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे. तो पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो, नाहीतर पैसे तिथेच पडून राहतात. कित्येक दुकानांत हे वर्षभर कुणी बघतच नाही.

मसाला, चांदी आणि परस्पर पाठवणी

कांदा-लसूण मसाल्याचं पार्सल का गळतं, हे माहीत नसलेला माणूस दरवेळी पिशवीवाल्याला शिव्या देतो. दोष बहुधा भरण्यात असतो. पिशवीच्या तोंडावर तिखट लागून राहिलं की उष्णतेचं सील पकडत नाही. वरून चिकटल्यासारखं दिसतं, दोन दिवसांत तेल वाट काढतं. नरसाळ्याने भरा, तोंड कोरड्या फडक्याने पुसा, सील दोनदा मारा, आणि प्रत्येक नव्या लॉटमधल्या पाच पिशव्या चोवीस तास कागदावर उलट्या ठेवा. कागदाला डाग आला तर तो लॉट पाठवायचा नाही. नुसत्या ब्राऊन कागदी पिशवीतून तेल झिरपतंच, आत थर असलेली पिशवी लागते. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किंमत, तारीख आणि तक्रारीचा पत्ता हवा. गिऱ्हाइकाच्या हातात पडताना निदान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक असावी, ही अपेक्षा लक्षात ठेवून जुना लॉट आधी काढा. खाण्याचा माल गोदामात फार पुढे पाठवायचा नाही, तो यासाठीच.

कारागिराच्या किंवा पुरवठादाराच्या घरून परस्पर पाठवणी कागदावर सुंदर दिसते: साठा नाही, भांडवल नाही. प्रत्यक्षात दोन ठिकाणी मोडते. कारागीर एकाच वेळी चार दुकानांना माल देतो, तेव्हा ‘आहे’ म्हणजे ‘करून देतो’ असाही अर्थ असतो. आणि पॅकिंग त्याचं काम नव्हे. करायचंच असेल तर खोके, लेबलं, चिकटपट्टी तुम्ही पुरवा, पोच आठ-दहा दिवसांची दाखवा, आणि आठवड्यातून दोनदा माल दुकानात आणून तपासूनच पुढे पाठवा. हुपरीच्या चांदीबाबत तर कुरियर करारातली ‘न घेण्याच्या वस्तूंची’ यादी वाचल्याशिवाय एक पैंजणही पाठवू नका. त्या यादीत असलेला माल हरवला की विमाही मिळत नाही आणि भांडायला तोंडही राहत नाही.

दुकानातून उचलण्याची सोय कोल्हापुरात फार कमी दुकानं देतात, याचं नवल वाटतं. दर शनिवार-रविवारी बाहेरगावची माणसं देवळाकडे येतात. ऑनलाइन बघून जोड राखून ठेवला आणि येऊन पायात घालून नेला, तर कुरियर नाही, नंबर चुकून परतावा नाही. नियम एवढेच: तीन दिवस राखून ठेवायचं, ओटीपी पाहूनच द्यायचं, आणि राखलेल्या मालाच्या खोक्यावर नाव व तारीख मोठ्या अक्षरात. गावातली पोच स्वतःच्या माणसाकडून करायची तर किमान रक्कम ठरवा, नाहीतर दीडशे रुपयांच्या मसाल्यासाठी गाडी कळंब्याला जाऊन येते.

पैसे माल पोचल्यावर

‘माल मिळाल्यावर पैसे’ हा पर्याय बंद केला तर विक्री पडते, उघडा ठेवला तर पार्सलं परत येतात. हिशेब पाहा. शंभर ऑर्डरी, जाण्याचे ८० रुपये, परतीचे ७०. वीस जणांनी घेतलंच नाही, तर ८,००० अधिक १,४०० असे ९,४०० रुपये ८० पोचलेल्या पार्सलांवर पडतात. म्हणजे प्रत्येकी ८० नव्हे, ११७.५०. आकडा तीसवर गेला तर नफा संपलेला असतो आणि दुकानात मात्र धावपळ दिसत असते.

ऑर्डर आल्यापासून तासाभरात, पॅकिंगच्या आधी, फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप करून पत्ता आणि खूण विचारा. इथे थोडं हिंदी आणि जमलं तर कानडी येणं पगारवाढीइतकं उपयोगी ठरतं. ५० ते १०० रुपये आगाऊ घेतले तर हौशी ऑर्डरी गळतात. ‘गिऱ्हाईक भेटलं नाही’ असा निरोप आला की त्याच दिवशी फोन करा. कुरियरवाला साधारण तीन खेपा करतो, आणि पहिली खेप खरंच झाली होती का हे गिऱ्हाईकच सांगू शकतं. ज्या पिनकोडवरून सतत माल परत येतो तिथे फक्त आगाऊ पैसे, किंवा स्पीड पोस्ट. खेड्यापाड्यांत खासगी कुरियर पिनकोड ‘चालू’ दाखवतो आणि पार्सल तालुक्याला ठेवून देतो, पोस्टमन दारात जातो.

परत आलेला माल टेबलावर ढीग करून ठेवू नका. उघडताना व्हिडिओ, त्याच दिवशी तीन वाटण्या: पुन्हा विकण्याजोगा, पुसून-पॉलिश करून विकण्याजोगा, कारागिराकडे दुरुस्तीला. दावा करायची मुदत प्रत्येक प्लॅटफॉर्मची निराळी, ती भिंतीवर लिहा. चपलेचे परतावे कमी करायचे तर खोक्यात चिठ्ठी घाला: घरातल्या फरशीवर घालून पाहा, नवं कातडं सुरुवातीला आवळतं, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून नंबर ताडा. आणि करकर वाजणारा जोड असेल तर वर्णनातच लिहा. आवाज येतो म्हणून परत पाठवणारे असतात, त्या आवाजासाठी मुद्दाम मागवणारेही असतात.

जुलै-ऑगस्ट

बाहेरच्या पुस्तकात न सापडणारी एक गोष्ट इथल्या प्रत्येक निर्णयात धरावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. तेव्हा दुकानातूनच पाठवणाऱ्यांचा सगळा माल गावात अडकला. ज्यांचा चालू माल भिवंडीत किंवा पुण्यात होता त्यांची विक्री सुरू राहिली. म्हणून जूनच्या शेवटी, गळणारा-बुरशी धरणारा माल वगळून, जास्त खपणाऱ्या दहा-पंधरा वस्तूंचा तीन आठवड्यांचा साठा बाहेर पाठवून ठेवतात.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला टेकलं की पोच होण्याचे दिवस चारने वाढवा, ‘माल मिळाल्यावर पैसे’ तात्पुरता बंद करा, आणि खालच्या रॅकवरचे खोके वर चढवा. ४३ च्या पुढे गेलं की सगळ्या प्लॅटफॉर्मवर सुट्टी लावा. प्लॅटफॉर्मच्या ‘सुट्टी’ बटणाला लागू व्हायला काही तास लागतात, तेवढ्यात आलेल्या ऑर्डरींच्या गिऱ्हाइकांना फोन करून रद्द त्यांच्याच बाजूने करायला सांगा. त्यासाठी त्यांचे नंबर आणि ऑर्डरींची यादी कागदावर छापून घ्या, वीज आणि नेट दोन्ही बहुधा बरोबरच जातात.